डिग्री कॉलेजची, विषय आपला

सेकंड पीयुसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत एकच चर्चा सुरू होते. बी.ए., बी.कॉम. की बी.एस्सी.? आणि कॉम्बिनेशन कुठलं? गेल्या काही वर्षांत या चर्चेत आणखी एक घोळ शिरलाय. थोरलीला चार वर्षांच्या ऑनर्सचं सांगून प्रवेश दिला होता, धाकट्याला तीन वर्षांतच डिग्री मिळणार म्हणतात, आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कॉलेजात जाणारी आतेबहीण मेजर, मायनर, ओई असलं काहीतरी बोलते. तिघंही करतायत बी.ए.च.

आपल्याकडच्या कॉलेजातल्या कुणालाही विचारा, तू नेमकं काय शिकतोस? उत्तर मिळतं ते कॉम्बिनेशनचं: एचईपी (इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र), पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित), सीबीझेड (रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र). हे विषय एकत्र का घेतले, याचं उत्तर बहुतेक वेळा "कॉलेजात तेवढंच होतं" असं असतं. ते खोटंही नाही. पण त्या ठरलेल्या चौकटीतसुद्धा स्वतःचा एक अभ्यासविषय बांधता येतो. त्यासाठी कुठला खास परवाना लागत नाही, मात्र फर्स्ट इयरलाच थोडा विचार करावा लागतो. थर्ड इयरला जाग आली तर फार काही हातात उरलेलं नसतं.

आधी तीन की चार वर्षं, ते बघू

केंद्राचं राष्ट्रीय शिक्षण धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर झालं. कर्नाटकाने ते सगळ्यात आधी उचललं आणि २०२१-२२ च्या प्रवेशांपासून मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई (ऐच्छिक पेपर) आणि चौथ्या वर्षाची ऑनर्स अशी रचना आणली. पुढे २०२३ मध्ये सरकार बदललं. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये चार वर्षांची रचना मागे घेतली गेली. २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांना पुन्हा तीन वर्षांची डिग्री. महाराष्ट्राचं याच्या नेमकं उलट: तिथे केंद्राचं धोरण २०२३-२४ ला स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ ला संलग्न कॉलेजांत उतरलं.

म्हणून राज्याच्या सीमेवरचा शिनोळीचा नाका ओलांडला की डिग्रीचं गणित बदलतं. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात जुन्या वळणाची रचना आहे: दोन भाषा, तीन मुख्य विषयांचं कॉम्बिनेशन, आणि सोबत राज्यघटना, कौशल्य, ऐच्छिक असे छोटे पेपर. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजात एक मेजर, एक मायनर आणि दुसऱ्या शाखेतला एखादा ओपन इलेक्टिव्ह. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज तर कागल तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येतं. निपाणीच्या एकाच गल्लीतली दोन पोरं दोन वेगळ्या रचनांत शिकत असतात ती अशी.

यातली कुठली रचना चांगली यावर वाद घालायला बरेच लोक आहेत. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मला त्यात फार अर्थ वाटत नाही, कारण आपल्या वाट्याला येते तीच रचना आपली. आपण बघायचं ते तिच्यात निवडीच्या फटी कुठे आहेत.

क्रेडिट म्हणजे काय, एवढं कळलं की पुरे

क्रेडिट हे अभ्यासाचं माप आहे. साधारण १५ तासांचं वर्गातलं शिकवणं म्हणजे १ क्रेडिट. प्रॅक्टिकल किंवा क्षेत्रकामाचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या डिग्रीला किमान १२० आणि चार वर्षांच्या डिग्रीला १६० क्रेडिट धरली आहेत. त्या १२० पैकी ६० मुख्य विषयाची, २४ मायनरची, आणि उरलेली भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, इतर शाखांतले पेपर आणि इंटर्नशिप यांच्यात वाटलेली. कर्नाटकातल्या सध्याच्या रचनेत वाटणी वेगळी आहे, पण तत्त्व तेच: काही भाग ठरलेला, काही भाग तुमच्या निवडीचा.

मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली, खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं आणि जमा क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात. कॉलेजने आयडी मागितला म्हणून बहुतेकांनी तो काढून दिलेला असतो. नंतर तो उघडून बघणारे विरळा.

स्वतःचा विषय, म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत ही गोष्ट रीतसर आहे. ब्राऊन विद्यापीठाने १९६९ मध्ये सक्तीच्या विषयांची यादीच काढून टाकली. न्यूयॉर्क विद्यापीठात १९७२ मध्ये सुरू झालेली, आज गॅलटिन नावाने ओळखली जाणारी शाखा आहे, जिथे प्रत्येक विद्यार्थी स्वतःचा अभ्यासविषय स्वतः मांडतो. ऐकायला मोकळं रान वाटतं. प्रत्यक्षात तिथे विद्यार्थ्याला आधी लेखी आराखडा द्यावा लागतो: माझा प्रश्न काय, त्यासाठी कुठले पेपर, ते याच क्रमाने का. एक प्राध्यापक सल्लागार म्हणून सोबत असतो. शेवटी गॅलटिनमध्ये तर स्वतः निवडलेल्या ग्रंथांच्या यादीवर प्राध्यापकांसमोर तोंडी परीक्षा होते. म्हणजे मोकळीक मिळते, पण प्रत्येक निवडीचा जाब द्यावा लागतो.

आपल्याकडे असली शाखा नाही. पण त्या पद्धतीतला मुख्य भाग, आधी प्रश्न आणि मग पेपर, हा उचलायला कुणाची हरकत नसते. घराचा नकाशा न काढताच एखाद्याने विटा, चौकटी, फरशी जसजशी स्वस्त मिळेल तशी आणून अंगणात टाकावी, आणि शेवटी खिडक्या सात पण भिंती दोनच असं व्हावं, तसं आपल्या डिग्र्यांचं होतं. मैत्रिणीने घेतला म्हणून ऐच्छिक पेपर, सर इंटर्नलला सढळ हाताने देतात म्हणून कौशल्याचा पेपर, आणि प्रोजेक्ट सीनियरचा नाव बदलून.

नकाशा म्हणजे एक प्रश्न. "मला पर्यावरणात रस आहे" हा प्रश्न नव्हे. "मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, मग खानापूर तालुक्यातल्याच गावांत एप्रिलमध्ये पाण्याचे टँकर का?" हा प्रश्न. आपल्याला कुठला पेपर लागणार आणि कुठला नाही, हे अशा प्रश्नावरून कळायला लागतं.

भाजीच्या टेम्पोमागे जाऊ

एकच उदाहरण नीट उलगडतो. समजा, उचगाव-कडोली भागातल्या शेतकऱ्याच्या घरची एक मुलगी बी.ए.ला आहे. बेळगावची भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते हे ती लहानपणापासून बघते. तिचा प्रश्न असा: शेतात मिळणारा भाव आणि गोव्यात गिऱ्हाईक मोजतो तो भाव, यांच्यामधले पैसे कुठे कुठे जातात?

तिने अर्थशास्त्र आणि भूगोल असलेलं कॉम्बिनेशन घ्यावं. तिसरा विषय राज्यशास्त्र मिळाला तरी चालेल, कारण बाजार समितीचा कायदा, दोन राज्यांचे वेगळे नियम आणि गोवा सरकारचं फलोत्पादन महामंडळ सवलतीच्या दरात विकतं ती भाजी, हे सगळं धोरणाचंच क्षेत्र आहे. आता फटी बघू. ऐच्छिक पेपरची यादी आली की त्यातून संख्याशास्त्राची ओळख किंवा कृषी विपणन असलं काही उचलायचं. कौशल्याच्या पेपरला एक्सेल आणि डेटा हाताळणं मिळत असेल तर तेच. कॉलेजात हे नसेल तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावर नकाशाशास्त्र, पुरवठा साखळी, सर्वेक्षण पद्धती असे अभ्यासक्रम मिळतात. शिकणं फुकट, परीक्षेला मात्र फी. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण ३ क्रेडिट, ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला २.

भाषांचे दोन पेपरही या कामाला येतात. शेताचा उतारा कन्नडमध्ये, घरातलं बोलणं मराठीत, आणि म्हापशाच्या बाजारात कोकणी. या मुलीला सर्वेक्षणासाठी दुभाष्या लागणार नाही. मोठ्या शहरातून आलेल्या संशोधकाला तो लागतो, आणि त्याला मिळालेली अर्धी माहिती दुभाष्याच्या तोंडची असते. आपल्याकडची पोरं तीन-चार भाषांत वावरणं हे काही शिक्षण आहे असं मानतच नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग प्रोजेक्ट. दोन महिने, तीन भाज्या. दलालाकडच्या सौद्याचा भाव, कमिशन, हमाली, टेम्पोचं भाडं, वाटेत सडणारा माल आणि गोव्यातला किरकोळ भाव हे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एका वहीत लिहायचं. ताळा करायला सरकारच्या 'अ‍ॅगमार्कनेट'वर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात. पावसाळ्यात चोर्ला घाटात वाहतूक अडली तर त्या आठवड्याची नोंद वेगळी काढायची, कारण तिथे रस्त्याचा खर्च उघडा पडतो. सुट्टीतली इंटर्नशिप एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा भाजीच्या ठोक व्यापाऱ्याकडे करता आली तर उत्तमच.

तीन वर्षांनी तिच्या डिग्रीवर बी.ए. एवढंच लिहिलेलं असेल. पण सीमाभागातल्या शेतमाल व्यापारावर तिच्याकडे एक जुळून आलेला अभ्यास असेल, आणि तो करायला ती कुठल्याही नियमाबाहेर गेलेली नसेल.

बी.एस्सी. पीसीएमचा विद्यार्थी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतल्या ओतकामातल्या दोषांवर असंच काही बांधू शकतो. धातुशास्त्राचे अभ्यासक्रम 'स्वयम्'च्या एनपीटेल विभागात आहेत. बी.कॉम.वाल्याने लांब जायची गरजच नाही. आपल्या भागात मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी) सोसायट्यांच्या पाट्या जागोजागी आहेत, आणि त्या २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली चालतात. राज्याच्या कायद्याखालची सोसायटी आणि ही, यांच्यात ठेवीदाराच्या दृष्टीने फरक काय, हा प्रश्न तीन वर्षं पुरतो.

राज्यशास्त्रवाले हटकून सीमाप्रश्न घेतात. घ्यावा, पण प्रश्न लहान करून घ्यावा. १९५६ पासूनचा इतिहास, महाजन आयोग आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा पुन्हा लिहून काढला की शंभर पानं भरतात आणि नवं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा आपल्या पाच गावांतल्या मराठी आणि कन्नड शाळांची पटसंख्या यूडायसच्या (शाळांच्या सरकारी नोंदीच्या) आकडेवारीतून काढा, पालकांशी बोला, आणि मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाबद्दल घटनेचं कलम ३५०-अ जे सांगतं ते तिथे कितपत उतरलंय ते तपासा. निष्कर्ष आपल्या मनासारखा निघेलच असं नाही, ही तयारी ठेवून.

"कॉलेज असलं काही करू देईल का?"

बहुतेक गोष्टींना परवानगी लागतच नाही. ऐच्छिक पेपर कुठला घ्यायचा आणि प्रोजेक्टचा विषय काय ठेवायचा, ही निवड आधीच तुमची आहे. अडचण येते ती दोन ठिकाणी.

पहिली, लहान कॉलेजात पर्याय कागदावर पाच आणि शिकवायला लेक्चरर एकच. तिथे पाचसहा जणांनी मिळून एकाच पेपरची मागणी केली तर तो सुरू व्हायची शक्यता वाढते. एकट्याने अर्ज केला की तो फायलीत राहतो.

दुसरी अडचण 'स्वयम्'ची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत पेपर या मार्गाने घेता येतात. पण ही कमाल मर्यादा आहे. तुमचं विद्यापीठ कुठला अभ्यासक्रम कुठल्या पेपरच्या जागी धरणार, हे तेच ठरवतं. म्हणून नोंदणी करण्याआधी एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) अर्ज द्या, अभ्यासक्रमाचं नाव, आठवडे आणि क्रेडिट लिहा, आणि होकार लेखी घ्या. "करा, बघू पुढे" हा होकार नसतो. क्रेडिट मिळत नसतील तरी अभ्यासक्रम करण्यासारखा असू शकतो. फक्त ते आधी माहीत हवं.

"सगळंच थोडंथोडं, खोली कशातच नाही"

हा आक्षेप खरा आहे, आणि अशा आराखड्यांपैकी पुष्कळसे इथेच फसतात. थोडं मानसशास्त्र, थोडी पत्रकारिता, थोडं कोडिंग, आणि त्याला नाव आंतरविद्याशाखीय. सोपी कसोटी अशी: एक विषय पाठीचा कणा म्हणून धरायचा आणि त्यातला सगळ्यात अवघड पेपर टाळायचा नाही. भाजीच्या उदाहरणात तो अर्थशास्त्र आहे. त्या मुलीने संख्याशास्त्र अवघड म्हणून सोडलं, तर तिच्याकडे उरेल ते बाजाराचं वर्णन. अभ्यास नव्हे.

"मार्क्स कार्डावर तर काहीच दिसणार नाही"

बरोबर. पेपरची नावं दिसतील, त्यांच्यातला धागा दिसणार नाही. तो तुम्हीच दाखवायचा. फर्स्ट इयरच्या शेवटी एक पान लिहून ठेवा: माझा प्रश्न, त्यासाठी घेतलेले आणि घ्यायचे पेपर, प्रोजेक्ट. दर सेमला ते सुधारा. जवळच्या एका प्राध्यापकांना ते दाखवत राहा, कारण पुढे शिफारसपत्र लिहायची वेळ आली की त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी असेल. बायोडाटात "बी.ए., ६८ टक्के" याच्या खाली दोन ओळींत प्रोजेक्ट येऊ द्या, आणि वही, आकडे, नकाशे जपून ठेवा. मुलाखतीत "तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा" म्हटल्यावर ज्याने स्वतः हमालीचे दर लिहून काढलेत तो अडखळत नाही.

नोकरी देणारा प्रत्येक जण यावर खूश होईल असं मात्र मी म्हणणार नाही. बँकेची परीक्षा असो की पोलीस भरती, तिथे डिग्री आहे का एवढंच बघतात. तिथे या खटाटोपाचा थेट उपयोग शून्य. उपयोग होतो तो एम.ए.च्या प्रवेशात, शिष्यवृत्त्यांच्या अर्जात, स्वयंसेवी संस्था, पत्रकारिता, संशोधन प्रकल्प, लहान कंपन्या अशा ठिकाणी.

"पुढे बी.एड. किंवा एम.ए. अडलं तर?"

म्हणूनच कणा महत्त्वाचा. बी.एड. करायचं असेल तर शाळेत शिकवले जाणारे विषय डिग्रीत असावे लागतात. एम.ए., एम.एस्सी.ला तो विषय डिग्रीत अभ्यासलेला असावा अशी अट बहुतेक ठिकाणी असते. त्यामुळे आपल्या प्रश्नासाठी कॉम्बिनेशन निवडताना आधी पुढचा दरवाजा बघा, मग प्रश्नाला वळवा. प्रश्न वळतो, पात्रतेची अट वळत नाही.

एखादा विषय डिग्रीत बसतच नसेल तर दुसरी वाटही आहे. एप्रिल २०२२ पासून आयोगाने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला मुभा दिली आहे. कॉलेजची नियमित डिग्री चालू असताना इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून दुसरा अभ्यासक्रम करता येतो. मात्र तुमच्या विद्यापीठाचे नियम आणि दोन्ही परीक्षांच्या तारखा आधी ताडून बघा. आणि खरं सांगायचं तर दुसरी डिग्री घेण्यापेक्षा सहा महिन्यांचा एखादा नेमका सर्टिफिकेट कोर्स पुष्कळदा जास्त कामाचा ठरतो.

"सीमेपलीकडे जाऊन चौथं वर्ष केलं तर?"

हा प्रश्न आपल्याकडे सारखा येतो. चार वर्षांच्या डिग्रीचे दोन फायदे सांगितले जातात. ती करणाऱ्याला पुढे एम.ए. एका वर्षात करता येते. आणि आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांत ७५ टक्के मिळवणारा थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र ठरतो. तीन वर्षांची डिग्री घेणाऱ्याला दोन वर्षांची एम.ए. आहेच. बेरीज केली तर दोन्हीकडे पाच वर्षं. संशोधनातच जायचं पक्कं असेल तरच फरक पडतो.

मधूनच विद्यापीठ बदलायचं म्हटलं तर क्रेडिट बँकेत असतात, ती दोन्ही राज्यांना दिसतात, पण नवं विद्यापीठ त्यातली किती आणि कुठल्या पेपरच्या बदल्यात धरणार हे त्याच्या समितीवर आहे. तीन विषयांच्या रचनेतून एका मेजरच्या रचनेत जाताना मेजरची क्रेडिट कमी पडण्याचा धोका असतो. म्हणून जायचंच असेल तर पहिल्या सेमच्या पेपरांचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह काढून ठेवा. समिती नावापेक्षा आतला मजकूर जुळवते. पीयुसीनंतर थेट पलीकडे प्रवेश घेणार असाल तर ही भानगड नाही, मात्र शिष्यवृत्ती, जातीचा दाखला आणि रहिवासाची अट दोन्ही राज्यांत वेगवेगळी आहे. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिला ठरलेल्या नमुन्यातले दाखले लागतात, आणि ते प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून मिळत नाहीत. मार्च-एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा.